यंदा मिरची कमी कांडली

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे शेणात कोंबडी नाचून गेल्यासारखं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढं लिहायचं काम पडलं ते किराणा सामानाचं आणि डब्यांवर चिकटवायच्या पट्टीवर पोरांच्या खोलीचा नंबर टाकायचं. हे मी कुणाला दाखवणार नाही. पण चुकून कुणाच्या हाती पडलंच तर ऱ्हस्व-दीर्घाला हसू नये, वाचता आलं नाही तर ठेवून द्यावं. चार बायकांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. कागदावर तसं होत नाही, कारण कागद तोंडाकडं बघत नाही.

लातूरकडून आम्ही मोशीत आलो तेव्हा मुलगी कडेवर होती. नवरा चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडून लागला. ठेकेदाराचं काम म्हणजे सहा-सात महिने झाले की ब्रेक. ब्रेक संपला की दुसरी कंपनी, दुसरा गेट पास, पुन्हा नवीन माणसासारखं सगळं पहिल्यापासून. ब्रेकमध्ये घरात पैसा यावा म्हणून मी डबे सुरू केले. आमच्या गल्लीत एकेक कॉट भाड्यानं घेऊन राहणारी कंपनीतली पोरं भरपूर. फर्स्ट शिफ्टवाल्यांचे डबे पहाटे, सेकंडवाल्यांचे दुपारी. ओट्यापुढं उभी राहिले की वेळ कसा जातो ते कळत नाही आणि कुणाशी बोलावंही लागत नाही, म्हणून ते काम मला मानवलं.

मुलीला फार्मसीला जायचं होतं. यादीत तिचं नाव लागलं ते पार खाली, गडहिंग्लजला. तोपर्यंत मी ते नावही ऐकलेलं नव्हतं. नवरा म्हणाला, "कोल्हापूरच्याही पुढं आहे. तिथून पुढं कानडी लागतं." मुलगी म्हणाली, "फी परवडते तिथली. हॉस्टेलही स्वस्त आहे."

प्रवेशासाठी मी तिच्याबरोबर गेले. एसटी महामार्ग सोडून आत वळली आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला, तेव्हा मला वाटलं आपण पोरीला कुठं टाकायला निघालोय. पण गावात उतरलो आणि माझं मन वेगळंच वागायला लागलं. कॉलेजच्या रस्त्याला पाठीवर सॅक घेतलेल्या मुली रमतगमत चालल्या होत्या. झेरॉक्सची दुकानं, वडापावची गाडी, सायकली. हॉर्न नव्हता असं नाही, पण मोशीत हॉर्न थांबतच नाही, तिथं तो वाजून संपत होता. मुलगी ऑफिसात रांगेत होती तोवर मी एका घराच्या कट्ट्यावर टेकले. घर एका निवृत्त शिक्षिकेचं निघालं. त्यांनी आतून पाणी आणून दिलं आणि बोलता बोलता मागच्या दोन खोल्या रिकाम्या असल्याचं सांगितलं. पुढं अंगण, अंगणात नळ, आणि भाडं आमच्या मोशीच्या एका खोलीच्या निम्मंसुद्धा नाही. मी न विचारताच त्या म्हणाल्या, "इथं मुलांच्या जेवणाचेच हाल आहेत हो. मेसवाले आहेत, पण आमटीत डाळ शोधावी लागते."

हे वाक्य मी मोशीला परत घेऊन आले आणि तिथून माझं बसणं-उठणं बिघडलं.

कणीक मळताना मी मनातल्या मनात त्या अंगणात चूल मांडायची, मग विचार यायचा, चूल कशाला, गॅसच बरा. पुन्हा विचार, पावसाळ्यात अंगणात पोरांना कसं बसवायचं? मग पत्रा टाकायची. पत्रा टाकला की मालकीण काय म्हणतील म्हणून पत्रा काढायची. इकडं तव्यावरची पोळी करपायची. सेकंड शिफ्टच्या एका पोरानं सांगितलंच, "मावशी, परवा भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. तब्येत बरी आहे ना?" घरमालकानं नवीन ॲग्रीमेंटला भाडं वाढवलं, आठवडाभर टँकर आला नाही, त्या दिवशी मी जाणारच असं ठरवायची. महिन्याचे डब्यांचे पैसे हातात आले की वाटायचं, कशाला सुखातला जीव दुःखात घालायचा. एका दिवसात दोनदा ठरायचं आणि दोनदा मोडायचं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"आणि मी काय करू तिथं?" तो म्हणाला. "कंपनी आहे का तिथं एक तरी?"

"डबे पोचवायचे."

"म्हणजे बायकोचा डिलिव्हरी बॉय."

"मेसच चालली तर पोचवायचीही गरज नाही. भाजी आणायची, हिशोब बघायचा."

"वा! प्रमोशन." त्यानं ताटात हात धुतला. "माणसं गावाकडून चाकणला येतात. चाकणवरून गावाकडं जाणारी तूच पहिली."

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, माझ्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस. मी राहते हॉस्टेलवर. तुला यायचं असेल तर ये." मला कुठं राहायचंय हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माहेरून लातूर, लातूरवरून मोशी, दर वेळी सामान बांधलं की मी निघाले होते. त्यामुळं उत्तर काय द्यायचं हे मला खरंच कळेना.

अशा मनःस्थितीत भिशी लागली.

आमच्या भिशीच्या मावशी म्हणजे जुन्या मोशीतल्या. त्यांचं मसाला कांडपाचं दुकान आहे आणि भिशीही त्याच चालवतात. पगार झाल्यावरच्या रविवारी त्यांच्या ओट्यावर सगळ्या बायका जमतात, वाटीत चिठ्ठ्या टाकतात आणि एखाद्या लहान मुलीला चिठ्ठी उचलायला लावतात. आमच्या गल्लीत पूर्वी एक बाई भिशी उचलून खोली रिकामी करून निघून गेली होती. कुणाला पत्ता नाही, फोन बंद. तिचे राहिलेले हप्ते सगळ्यांनी वाटून भरले. तेव्हापासून मावशींनी नियम केला, जिला भिशी लागेल तिच्यामागं दुसऱ्या एका बाईनं उभं राहायचं. ती पळाली तर हिनं भरायचं. माझं नाव निघालं तेव्हा शेजारच्या खोलीतल्या वहिनी माझ्या सांगण्याची वाट न बघता म्हणाल्या, "हिच्यामागं मी." वहिनी बुलढाण्याकडच्या. त्यांचे मिस्टरही ठेक्यावरच. त्यांच्या घरात पैशाची माझ्यापेक्षा जास्त ओढाताण होती, हे मला माहीत होतं.

भिशीचे पैसे मुलीच्या फीला आणि हॉस्टेलला गेले. हप्ते पुढच्या संक्रांतीपर्यंत भरायचे होते.

आणि मग मार्च संपता संपता मिरचीचे दिवस आले. आमच्याकडं सगळ्या बायका वर्षाची मिरची एकदमच घेतात. गच्चीवर वाळवतात, देठं काढायला एकमेकींकडं बसतात आणि मावशींकडं कांडायला नेतात. डब्यांमुळं माझी मिरची गल्लीत सगळ्यात जास्त. रिक्षातून पोतं यायचं आणि मावशी म्हणायच्या, "आली आमची मोठी पार्टी." या वर्षी मी बाजारात गेले, पोत्याशी उभी राहिले आणि मला आठवलं की गडहिंग्लजला मिरचीचाच बाजार भरतो. लालभडक संकेश्वरी मिरचीचे ढीग मी तिथं बघितले होते. जूनमध्ये गेलो तर इथून मिरची कशाला वाहायची? जाणं तर अजून ठरलेलं नव्हतं. पण हातानं जणू आधीच ठरवलं होतं. मी पिशवीत मावेल एवढीच मिरची घेतली.

कांडपावर बायकांची रांग होती. सगळ्यांनी नाकाला पदर लावलेला. मी पिशवी पुढं केली.

"बाकीची कुटं हाय?" मावशींनी विचारलं.

"एवढीच."

"एवढीच? डबं बंद केलं का काय?"

"नाही."

"मग पोरान्ला सपक घालनार हायस व्हय?"

बायका हसल्या. मलाही हसायला हवं होतं, म्हणजे विषय मिटला असता. एखादी म्हणाली असती की भाव चढलाय म्हणून दोन खेपेत घेते. पण माझी जीभ टाळूला चिकटली. मावशींनी पिशवी हातात तोलली. वर्षानुवर्षं त्या मिरची तोलत आल्यात. कुणाच्या घरात माणूस वाढलं, कुणाचा मुलगा वेगळा राहिला, हे त्यांना मिरचीवरून कळतं.

"दोन म्हैन्याची मिरची," त्या म्हणाल्या. "आन् भिशी संक्रांतीपर्यंत."

त्या मोठ्यानं बोलल्या नाहीत. पण मशीन नेमकं तेव्हा बंद होतं. रांगेतल्या बायकांचं हसणं थांबलं. वहिनी माझ्या मागं दोनच बायका सोडून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नाकावरचा पदर खाली घेतला.

त्या दिवशी वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी डबे भरायच्या वेळी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कधी निघायचं?"

"अजून ठरलं नाही वहिनी."

"मिरचीचं ठरलं, तुमचं ठरलं नाही?" त्या आत आल्या, पण खाली बसल्या नाहीत. "मी तुमच्यामागं उभी. आणि मला हे कांडपावर कळावं? माझ्या घरात विचारतात, आता आपल्याला भरावी लागणार का. काय सांगू मी?"

"मी पळून जाणार नाही."

"ते मला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि सांगणं वेगळं." मग माझ्या हातातला डबा घेऊन त्यांनीच झाकण लावलं. "कुठं चाललात ते तरी सांगा."

मी त्यांना अंगणाचं सांगितलं, नळाचं सांगितलं, आमटीत डाळ शोधावी लागते तेही सांगितलं. बाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. बोलता बोलता मला जाणवलं की मी 'तिथं गेल्यावर' असं म्हणतेय, 'गेले तर' असं नाही. वहिनींच्याही ते लक्षात आलं.

"मग जायचंच आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर वहिनींना दिलं गेलं.

रविवार आला. मला जाऊच नये असं वाटत होतं, पण भिशी उचललेल्या बाईनं गैरहजर राहणं म्हणजे बोंबच. ओट्यावर बसले तर माझ्या दोन्ही बाजूंना जागा सुटलेली. हप्ते गोळा झाले, चिठ्ठी निघाली, चहा आला. पलीकडच्या बिल्डिंगमधली एक जण कुणाकडं न बघता म्हणाली, "मागची पण अशीच होती. तोंडातून शब्द नाही. सोज्वळ."

"मागचीला मुलगी नव्हती फार्मसीला," वहिनी म्हणाल्या.

"मुलगी असली म्हणजे काय फोन बंद करता येत नाही?"

मावशी माझ्याकडं वळल्या. "तू बोल की गं. तोंडात खडा धरलाय का?"

मी उभी राहिले. बसून बोलता आलं असतं, पण मी उभी राहिले. "आम्ही जूनमध्ये गडहिंग्लजला जाणार आहोत. राहायला. माझे राहिलेले हप्ते भरल्याशिवाय मी खोली सोडणार नाही."

"सगळे? आगाऊ?"

"सगळे."

"अगं, म्हैन्याच्या म्हैन्याला फोनवरनं टाक," मावशी म्हणाल्या. "आगाऊ कोन मागतंय?"

"कुणी मागत नाही. पण तिथून एखाद्या महिन्याला उशीर झाला, तर तुम्ही वहिनींच्या दारात जाल."

मी खाली बसले. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.

घरी येऊन सांगितलं तर नवरा डोक्याला हात लावून बसला. "मला न विचारता? जायचं मी अजून हो म्हणालो नाही आणि तू पंचायतीत जाहीर करून आलीस?"

"हो."

"आणि एवढे पैसे कुठून आणायचे?"

"डबे वाढवते."

त्याला तेव्हा ब्रेकच होता. मी थर्ड शिफ्टचे डबेही घ्यायला लागले. आता वर्षाचीच मिरची हवी होती की काय अशी वेळ आली. मावशींकडं पुन्हा पिशवी घेऊन गेले तर त्या फक्त म्हणाल्या, "आता कसं." एवढे डबे मला पोचवता येईनात. पहिले काही दिवस नवरा नुसता बघत राहिला. मग एका संध्याकाळी त्यानं गाडीच्या हँडलला दोन्हीकडं पिशव्या अडकवल्या. परत आला तो हसतच.

"एक पोरगं विचारतंय, काका, तुमची पण शिफ्ट लागली का?"

"मग?"

"मग काय, म्हणालो लागली. ब्रेक नाही हिला."

थोडे दिवस गेले आणि तोच मला सांगायला लागला, कुणाला पोळी मऊ लागते, कुणाला वांगं चालत नाही, कुणाचा डबा भरलेलाच परत येतो. जेवता जेवता एकदा विचारलं, "कॉलेजला मे महिन्यात सुट्टी असेल ना? तेव्हा काय करायचं?"

हे माझ्याही मनात होतंच. शिक्षिकाबाईंना फोन लावला. त्या खोटं बोलल्या नाहीत. "उन्हाळ्यात गाव रिकामं होतं. दोन महिने ओढाताण होईल," म्हणाल्या. "डिपॉझिटची घाई करू नका, दिवाळीपर्यंत द्या. पण सुट्टीचा विचार करून या." तो विचार मी रोज केला. गंमत म्हणजे तेव्हाच मोशीत माझा धंदा कधी नव्हे एवढा जोरात होता. पहाटे चार पातेल्यांना वाफ यायची. मन म्हणायचं, आता इथंच राहिलीस तर जम बसेल. लगेच दुसरं मन म्हणायचं, हे बळ जायचं म्हणूनच आलंय. कोणतं मन खरं ते मला कळलं नाही. मी पोळ्या लाटत राहिले.

"सुट्टीत मी इकडं येतो," नवराच एक दिवस म्हणाला. "ठेकेदार दोन महिन्यांचंही काम देतो. त्याला आवडेलच." त्याचं 'हो' हे असं आलं. मी वर बघितलं नाही, नाहीतर त्यानं परत घेतलं असतं.

जून लागला. पोरांनी शेवटचा महिना आधीच दिला. एकानं वर शंभराची नोट ठेवली आणि "मावशी, पत्ता द्या, कोल्हापूरला आलो की जेवायला येतो," म्हणाला. घरमालकानं भिंतीला हात लावून बघितला आणि रंगाच्या नावाखाली डिपॉझिटमधून पैसे कापले. फोडणीच्या धुरानं भिंत पिवळी झाली होती हे खरं होतं. उरलेलं डिपॉझिट आणि डब्यांचे साठलेले पैसे एकत्र केले. थोडे कमी पडत होते. मी पातेल्यांतलं सगळ्यात मोठं पातेलं विकायला काढलं, तर नवरा म्हणाला, "ते विकून तिथं कशात शिजवणार?" आणि त्यानं स्वतःचं घड्याळ विकून टाकलं. म्हणाला, शिफ्टच नाही तर घड्याळ कशाला. लग्नात माझ्या वडिलांनी दिलेलं घड्याळ होतं ते.

टेम्पो सकाळी यायचा होता, म्हणून आदल्या दुपारी मी वहिनींना बरोबर घेऊन मावशींच्या ओट्यावर गेले. मावशी सुनेला हाक मारून चहा टाकायला लावत होत्या. मी पदराची गाठ सोडली आणि पैसे त्यांच्या मांडीवर ठेवले.

"अगं, खरंच आनलंस व्हय?"

"मोजून घ्या मावशी."

"मोजायचं काय त्यात, तुझ्यावर काय विश्वास न्हाई का?"

"तुमचा आहे. तरी मोजा. वहिनींसमोर मोजा."

त्यांनी चष्मा लावला. बोट जिभेला लावून एकेक नोट खाली ठेवत गेल्या, मध्येच चुकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. वहिनी ओठ हलवत त्यांच्याबरोबर मोजत होत्या. गल्लीतून टँकर गेला, तेव्हा दोघी थांबल्या आणि आवाज कमी झाल्यावर पुढं मोजू लागल्या. शेवटची नोट ठेवून मावशींनी गठ्ठ्याला रबर लावलं आणि वहिनींकडं बघून म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंतचं सगळं आलं. हिच्याकडं काय राह्यलं न्हाई. तू पन सुटलीस."